रोजा आणि गोळ्यांचा डबा

सहरीची वेळ संपायला दहा मिनिटे उरलेली असतात. मशिदीच्या भोंग्यावरून वेळ पुकारली जात असते, चुलीवर शेवटचा चहा उकळत असतो आणि घरातले वडीलधारे गृहस्थ गोळ्यांचा डबा उघडून बसलेले असतात. शुगरची गोळी, बीपीची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, थायरॉइडची बाटली. वर्षभर सकाळ, दुपार, रात्र अशा वेळा ठरलेल्या. रमजान लागला आणि त्यातली दुपार गायब झाली. ‘दुपारचीही आत्ताच घेऊन टाकतो, दिवसभराची काळजी मिटली,’ असे म्हणत ते शुगरच्या दोन गोळ्या एकदम तोंडात टाकतात. सून हळूच विचारते, ‘अब्बा, डॉक्टरांना विचारलं का?’ उत्तर ठरलेले असते. ‘चाळीस वर्षं रोजे ठेवतोय बेटा, त्यात डॉक्टरांना काय विचारायचं?’

त्याच दिवशी असरच्या नमाजच्या सुमारास, म्हणजे साडेचार-पाच वाजता, अब्बांना दरदरून घाम फुटतो. हात थरथरतात, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, ‘आज रोजा जास्त लागला.’ पण तो रोजा लागलेला नसतो. सकाळच्या दुप्पट गोळीने रक्तातली साखर खाली आणलेली असते.

असे घर महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोहल्ल्यात सापडेल. आणि केवळ मोहल्ल्यातच कशाला? निर्जळी हरतालिका करणाऱ्या काकू, नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणारे काका, पर्युषणात उपवास करणारे जैन आजोबा या सगळ्यांच्या घरी गोळ्यांचा असाच एखादा डबा असतो. उपवासाचे नाव बदलते, पण रिकाम्या पोटी शरीर आणि औषध यांचे वागणे बदलत नाही.

चिठ्ठीवरचे घड्याळ

डॉक्टर चिठ्ठीवर ‘१-०-१’ किंवा ‘१-१-१’ लिहितात. हे आकडे मनाला येतील तसे लिहिलेले नसतात. प्रत्येक औषध रक्तात किती वेळ टिकते, त्यावर दोन गोळ्यांमधले अंतर ठरते. काही गोळ्यांचा प्रभाव चार-सहा तासांत ओसरतो, काहींचा पूर्ण दिवस टिकतो. थायरॉक्सिनसारखे औषध तर निम्मे होण्यासाठीच सुमारे आठवडा घेते. शिवाय गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हेही ठरलेले असते. शुगरच्या काही गोळ्या पुढे जेवण येणार आहे हे गृहीत धरूनच काम करतात.

रमजानमध्ये हे घड्याळ उलटे फिरते. जेवण, पाणी, औषध सारे रात्रीच्या पोटात जाते. महाराष्ट्रात हिवाळ्यात रोजा बारा-साडेबारा तासांचा, तर उन्हाळ्यात साडेचौदा तासांच्या आसपास असतो. दिवसातून एकदा घ्यायच्या बऱ्याच गोळ्या इफ्तारकडे किंवा सहरीकडे सरकवता येतात. दोनदा घ्यायच्या काही गोळ्याही या दोन वेळांत बसवता येतात. मात्र कोणती गोळी सरकवायची, कोणती कमी करायची आणि कोणतीला हात लावायचा नाही, हा हिशेब ज्याने औषध लिहिले त्याचा आहे. रोगी स्वतः तो करायला बसला की घोटाळा होतो.

सारख्या दिसणाऱ्या, वेगळ्या वागणाऱ्या

हा घोटाळा सर्वांत जास्त शुगरच्या औषधांत होतो. तळहातावर ठेवलेल्या दोन गोळ्या दिसायला सारख्या असतात, पण वागायला अगदी वेगळ्या.

मेटफॉर्मिन हे मधुमेहातले नेहमीचे औषध. एकटे घेतले तर ते साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा खाली नेत नाही. मळमळ, जुलाब, तोंडाला बेचव हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. अनेक वर्षे घेतल्यावर काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते आणि हातापायांना मुंग्या येतात. रमजानमध्ये याचा दुपारचा डोस इफ्तारच्या डोसमध्ये मिळवायला डॉक्टर सांगू शकतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड हा गट मात्र वेगळा. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. ग्लिबेनक्लामाइडचा प्रभाव लांबतो, म्हणून त्याचा धोका अधिक. अशा गोळ्यांचा मुख्य डोस डॉक्टर बहुधा इफ्तारकडे नेतात आणि सहरीचा कमी करतात. अब्बांनी नेमके उलटे केले होते. खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत सर्रास मिळतात. रोग्याला वाटते, ही आपली साधी शुगरची गोळी. पाकिटावर काय लिहिले आहे ते एकदा घरातल्या शिकलेल्या मुलाने वाचून सांगायला हवे.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नव्या गटातली औषधे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मधुमेहासोबत हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या काही रोग्यांनाही ती दिली जातात. लघवी वाढल्याने शरीरातले पाणी कमी होते आणि क्वचित रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होतो. ऐन रमजानच्या तोंडावर ती पहिल्यांदा सुरू न करणे बरे, असे तज्ज्ञ सांगतात. आधीपासून चालू असतील तर इफ्तारला घेऊन रात्री भरपूर पाणी प्यायला सांगितले जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस बदलून घेतल्याशिवाय रोजा ठेवूच नये.

धोका किती मोठा आहे? मधुमेह आणि रमजान या विषयावर २००१ साली १३ देशांत एक मोठी पाहणी झाली. त्यात १२ हजारांहून अधिक मधुमेही होते. प्रौढपणी होणाऱ्या टाइप-२ मधुमेहाच्या दर शंभर रोग्यांपैकी जवळजवळ ७९ जणांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. इतर महिन्यांच्या तुलनेत रमजानमध्ये साखर गंभीरपणे घसरण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे साडेसात पट, तर टाइप-१ च्या रोग्यांत सुमारे पावणेपाच पट आढळले. बहुतेकांचे रोजे सुखरूप पार पडले, हेही तितकेच खरे. पण तयारी न करता रोजा धरणारा माणूस नशिबावर हवाला ठेवतो.

यावर साधा उपाय ग्लुकोमीटरचा. सहरीला, दुपारी, इफ्तारच्या आधी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा लगेच साखर तपासावी. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काढल्याने रोजा मोडत नाही, असे आलिम सांगतात. तरीही दिवसा तपासणी टाळणारे कितीतरी जण आहेत. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर त्याच क्षणी रोजा सोडावा. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर घसरल्याची लक्षणे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना मात्र साध्या साखरेचा गुण उशिरा येतो, त्यांच्यासाठी घरात ग्लुकोज पावडर ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. इफ्तारला अर्धाच तास राहिला आहे म्हणून वाट बघत बसू नये.

बीपी, लघवीची गोळी आणि डोकेदुखी

रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. असे झाले तर गोळी बंद करून बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे, पर्याय पुष्कळ आहेत. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर रक्तदाब आणि छातीतले दुखणे उसळू शकते. मधुमेह्यांमध्ये याच गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात, त्यामुळे साखर घसरल्याचे लवकर कळत नाही. घाम मात्र येतो, त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातले पाणी कमी करतात. हृदय कमकुवत असणाऱ्याला त्या आवश्यक असतात, पण रोजाच्या उन्हात त्याच गोळीने उभे राहताच चक्कर येऊ शकते. सहरीला घेतली तर दिवसभर पाणी जाते आणि इफ्तारला घेतली तर तरावीहच्या नमाजमध्ये दोनदा उठावे लागते. वेळ आणि मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवली की दोन्ही सांभाळता येते.

आता डोकेदुखीचे पाहू. पहिल्या चार-पाच रोजांत अनेकांचे डोके दुखते. ते बहुधा सुटलेल्या चहाने आणि कमी झोपेने दुखते. मग इफ्तारला खजूर तोंडात टाकून होत नाही तोच मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. तेरा तास रिकाम्या असलेल्या पोटात ही गोळी आतल्या अस्तराला इजा करते, जखम होऊन रक्तस्रावही होऊ शकतो. शरीरात पाणी कमी असेल आणि सोबत बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी अन् लघवीची गोळी चालू असेल, तर तिघी मिळून मूत्रपिंडावर घाला घालतात. अशा माणसाने वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य. पण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे लक्षात न आल्याने मात्रा दुप्पट होते आणि यकृताला त्रास होतो. डोकेदुखी टाळायची तर रमजानच्या आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणणे हा गोळीपेक्षा चांगला उपाय.

कोणत्या गोळ्यांना हात लावू नये

फिट्सची औषधे, रक्त पातळ ठेवणारी औषधे, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडे, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि मानसिक आजारावरची औषधे रोजासाठी स्वतःहून थांबवणे किंवा एक दिवसही चुकवणे धोक्याचे. फिट्सची एखादी गोळी चुकल्यानेही झटका येऊ शकतो. स्टेरॉइड अचानक सोडले तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी झाले की तेच औषध विषासारखे साठू लागते. या गटातल्या रोग्याने डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत रोजा धरू नये.

अँटिबायोटिकचे गणित दोन गोळ्यांमधल्या अंतराचे आहे. दिवसातून तीनदा म्हणजे दर आठ तासांनी. इफ्तार, तरावीहनंतर आणि सहरी अशा तिन्ही गोळ्या रात्रीतच घेतल्या तर दिवसभर जंतूंना मोकळे रान मिळते. दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे दुसरे औषध आहे का, असे डॉक्टरांना विचारावे. अनेकदा ते असते. बरे वाटले म्हणून मध्येच औषध सोडू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन दुधासोबत घेऊ नये, कारण दुधातले कॅल्शियम ते शोषू देत नाही. लोहाची गोळी सहरीच्या चहाबरोबर घेतली तरी असाच तोटा होतो.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी हवी. स्वयंपाकासाठी घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या बाईनेच बहुधा ती विसरलेली असते. उठल्याबरोबर साध्या पाण्याशी घेतली आणि अर्ध्या-पाऊण तासाने सहरी केली की काम झाले. नाहीतर इफ्तारनंतर तीन तासांनी, झोपण्यापूर्वी घेता येते.

‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असे लिहिलेल्या गोळ्या सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या चावल्या किंवा कुटल्या तर दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी

या विषयावर घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सगळे रोजे सलग पूर्ण व्हावेत म्हणून काही स्त्रिया पाळी पुढे ढकलणारी नॉरएथिस्टेरॉन ही गोळी घेतात. गणपती, लग्नकार्य, पूजा यांसाठी शेजारच्या घरांतही हीच गोळी येते. बहुतेक वेळा ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेली असते. डोके दुखणे, मळमळ, छाती भरून येणे, मध्येच रक्तस्राव होणे हे तिचे नेहमीचे त्रास. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तीव्र अर्धशिशी असेल किंवा गर्भ राहिल्याची शंका असेल, तर ही गोळी धोकादायक ठरू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारूनच ती घ्यावी. पाळीच्या दिवसांत रोजा माफ आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. त्या दिवसांमुळे कुठल्याही स्त्रीचा रमजान उणा ठरत नाही.

सवलत नाकारण्याचा हट्ट

मग आजारी माणसाने रोजा सोडला तर? कुरआनातील सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींमध्ये आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिलेली आहे. बरे झाल्यावर तितके रोजे ठेवावेत, त्याला कजा म्हणतात. आजार कायमचा असेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालावे, तो फिदया. ही पळवाट नाही, धर्माने स्वतः उघडून दिलेला दरवाजा आहे. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आणि रमजानच्या ओढीने अनेक आजारी माणसे तो वापरत नाहीत. त्या ओढीला हसू नये. आयुष्यभर ज्याने एक रोजा सोडला नाही, त्याला पहिल्यांदा दिवसा पाण्याचा घोट घेताना काय वाटते, हे त्यालाच ठाऊक. घरच्यांनी त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा इफ्तारच्या दस्तरखानावर त्याची जागा तशीच ठेवावी, फिदयाचे जेवण त्याच्या हातून वाटावे.

कोणत्या उपचाराने रोजा मोडतो, हा दुसरा प्रश्न. १९९७ साली जेद्दाह येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने यावर विचार केला. डोळ्यांतले थेंब, पोषण न देणारी इंजेक्शने, तपासणीसाठी काढलेले रक्त, तसेच छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवलेली गोळी, घशात गिळली जात नसेल तर, यांनी रोजा मोडत नाही असे तिचे मत पडले. दम्याच्या पंपाबाबत मतभेद आहेत. काही तपशिलांवर आपल्याकडच्या आलिमांची मते वेगळी आहेत, म्हणून आपल्या इमामांना किंवा मुफ्तींना आधीच विचारून ठेवावे. पण दम्याचा झटका आला किंवा छाती आवळली, तर पंप आणि गोळी आधी, प्रश्न नंतर.

दोन्ही बाजूंचे मौन

शेवटी मुद्दा बोलण्याचा. ‘डॉक्टर हिंदू आहेत, त्यांना रोजाचं काय सांगायचं,’ म्हणून रोगी गप्प राहतो. गर्दीत बसलेले डॉक्टर विचारत नाहीत किंवा एका शब्दात ‘रोजे बंद’ सांगतात. रोगी मान हलवतो, घरी येऊन रोजा ठेवतोच आणि गोळ्या स्वतःच्या अंदाजाने फिरवतो. नुकसान या मौनातून होते. रोगी रोजा ठेवणारच आहे हे डॉक्टरांना कळले, तर ते त्याला धोका कितपत आहे ते पाहून वेळा बदलून देऊ शकतात. गेल्या तीन महिन्यांत साखर गंभीरपणे घसरलेले, डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवती अशांना ते स्पष्ट नकारही देतील आणि कारण सांगतील. कारणासह मिळालेला नकार पटतो.

ही भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी झाली तर उत्तम. राहून गेली असेल तर आजही उशीर झालेला नाही. जाताना गोळ्यांचा अख्खा डबाच सोबत न्यावा. आयुर्वेदिक चूर्ण, युनानी माजून, शेजाऱ्याने दिलेली गोळी, सगळे त्यात असू द्यावे. पाकिटावर ‘आरएक्स’ खूण किंवा लाल उभी रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही, त्याचे मूत्रपिंड आणि आपले मूत्रपिंड वेगळे. औषधाने अंगावर पुरळ आले, ओठ सुजले किंवा दुसरा अनपेक्षित त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावेच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणीही कळवू शकते.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. ईदचा चंद्र दिसला की घर शिरखुर्म्याच्या तयारीला लागते आणि गोळ्यांचे वेळापत्रक तसेच रमजानचे राहते. सकाळचा डोस कमी केलेला, मुख्य डोस संध्याकाळी. ईदच्या सकाळी साखरेचा वाडगा समोर येतो आणि औषध मात्र मगरिबची वाट बघत बसते. म्हणून रमजानसाठी नवीन चिठ्ठी लिहून घेताना ईदनंतरची चिठ्ठीही त्याच वेळी लिहून घ्यावी आणि डब्याच्या झाकणावर चिकटवावी. अब्बांच्या डब्यातली दुपार ईदच्या दिवशी परत यायला हवी, डॉक्टरांनी ठरवून दिली असेल तशी.